इन केलेल्या शर्टाखाली बसेल असं पिस्तुलाचं होल्स्टर सुचवा – टेक्सास, ऑफिस, रोजचे नऊ तास

प्लानोकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, छोट्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग फर्ममध्ये आहे, सगळी मिळून अकरा माणसं. अर्धा आठवडा ऑफिसात खुर्चीवर आणि उरलेला साइटवर, आणि साइट म्हणजे कधी कधी गावापासून चाळीस मैल लांब, आजूबाजूला चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही. ग्रीन कार्ड आल्यावर क्लास केला, ५० राउंडची परीक्षा दिली, मार्चमध्ये लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना, हातात आलं. पिस्तूल ग्लॉक ४३ एक्स. बॉसची लेखी परवानगी आहे, तो स्वतःच बाळगतो, त्याच्या अटी दोनच, लायसन्स पाहिजे आणि कोणाला दिसता कामा नये.

आता रडगाणं. ऑफिसात शर्ट इन करावा लागतो. आतापर्यंत तीन होल्स्टरं झाली. पहिलं ऑनलाइन घेतलेलं पंधरा डॉलरचं कापडी, कुठल्याही पिस्तुलाला चालेल असं लिहिलेलं, ते मोज्यासारखं आहे. दुसरं मागे चामडं पुढे प्लॅस्टिक असं मिश्र, आकाराने जेवणाच्या ताटाएवढं, उन्हाळ्यात कमरेला ओलं पोतं बांधल्यासारखं वाटतं. तिसरं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, पँटच्या आत बेंबीच्या उजवीकडे लावायचं, उभा असलो की आहे हे विसरायला होतं पण खुर्चीत बसलं की दहाव्या मिनिटाला वरचा भाग पोटात आणि खालचा जांघेत. वय ४४, कंबर ३६, पोट सुखवस्तू. बायको म्हणते शर्टाखाली स्टेपलर ठेवल्यासारखं दिसतं. काय करू? कोणी रोज वापरतं का?

चष्मिष
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो, हा माझा अत्यंत आवडता आजार आहे.

घाटावरचा
राग मानू नका पण बीमचं डिझाइन करणाऱ्या माणसाला कमरेला पिस्तूल लावून जावं लागत असेल तर होल्स्टर बदलण्यापेक्षा गाव बदला की.

प्लानोकर
@घाटावरचा, राग नाही. आईपण हेच म्हणते. पण गेल्या वर्षी एका साइटवर तांब्याच्या वायरी चोरायला आलेली चार जणं आणि मी एकटा असा प्रसंग आला, ते बघून निघून गेले म्हणून ठीक. ती वीस मिनिटं मी गाडीत कुलूप लावून बसलो होतो आणि मदत यायला पाऊण तास लागला. ज्याचा त्याचा निर्णय आहे, तो विषय नको करूया इथे.

ह्यूस्टनचा_पक्या
बॉसची परवानगी आधी लेखी घेतलीत ते शहाणपणाचं केलंत. माझ्या कंपनीच्या हँडबुकमध्ये स्पष्ट लिहिलंय, आवारात शस्त्र आणलं तर नोकरी गेली. लोकांना वाटतं सरकारी लायसन्स मिळालं म्हणजे झालं. मालक आपल्या जागेत नाही म्हणू शकतो, आणि दारावर टेक्सासच्या कायद्यातल्या ३०.०६ कलमाची पाटी असली, ती इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, इंचभर उंचीच्या अक्षरांची, तर लायसन्सवाल्यानेही लपवून आत न्यायचं नाही, विषय संपला. पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत कुलपात ठेवायला मात्र मालक सहसा अडवू शकत नाही, तो कायदा २०११ पासून आहे.

त्यामुळे माझी गरज जरा वेगळी आहे. मला रोज सकाळी गाडीत काढायचं आणि संध्याकाळी परत लावायचं असतं. स्क्रू आणि लूपवालं होल्स्टर अशा माणसाने घेऊच नये. क्लिपवालं घ्यायचं, म्हणजे पिस्तूल आतच ठेवून अख्खं होल्स्टर पट्ट्यावरून उपसून तसंच्या तसं पेटीत जातं. उघडं पिस्तूल हातात येतच नाही. पेटी सीटच्या लोखंडी पट्टीला केबलने बांधलेली. ग्लव्ह बॉक्स म्हणजे कुलूप नव्हे, चोर पहिला तिथेच हात घालतो.

नवा_गडी
मस्त माहिती. मीपण डॅलसलाच आहे, एच वन व्हिसावर. २०२१ पासून टेक्सासात लायसन्सशिवाय पण बाळगता येतं ना? मग मी घेऊ शकतो का? रूममेट त्याचं देतो म्हणतोय वापरायला.

टेक्सास_काका
@नवा_गडी थांब बाळा. अजिबात हात लावू नकोस.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या माणसाला लायसन्सशिवाय बाळगता येतं हे खरं, पण ज्याला मुळात शस्त्र जवळ ठेवायचा अधिकार आहे त्याच्यासाठी. फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या, म्हणजे तुझ्यासारख्या एच वनवाल्या माणसाला बंदूकही चालत नाही आणि गोळ्याही चालत नाहीत. अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे वैध शिकारीचं लायसन्स, पण कुणाच्या तरी मेसेजवर विसंबून त्या अपवादात शिरू नकोस, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे दे. राज्याचा कायदा काहीही म्हणो, गुन्हा फेडरल आहे आणि ग्रीन कार्डची अख्खी फाइल तिथेच बुडते. मी इथे अठरा वर्षं शिकवतोय, दर क्लासला एक तरी आपला मुलगा हा प्रश्न विचारतो, आणि विचारतो ते बरं करतो. तो रूममेट देतोय ना, त्याला सांग, तुला देणं हा त्याचाही गुन्हा आहे.

नवा_गडी
बापरे. धन्यवाद काका. मी आपला वाचनमात्र.

चष्मिष
आलो. मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

प्लानोकर, तुम्ही होल्स्टर आधी बदलताय, तीच चूक मी केली, माझ्या कपाटात एक अख्खा खण आहे, त्यात नऊ होल्स्टरं पडलीयत आणि त्यातलं वापरतो एक. होल्स्टरचा नंबर तिसरा लागतो. पहिला पट्टा, दुसरी पँट.

तुमचा ऑफिसचा पट्टा कसला आहे? दुकानातला दोन पदरी मऊ चामड्याचा, भोकंवाला असेल तर तो पिस्तुलाच्या वजनाने खाली झुकतो, वरचा भाग बाहेर कलतो, मग आपण तो कळ येईपर्यंत आवळतो, आणि दोष देतो होल्स्टरला. आत ताठ पट्टी शिवलेला पट्टा घ्या, आणि शक्यतो दातऱ्याच्या बक्कलवाला, ज्यात भोकं नसतात, पाव पाव इंचाने सैल घट्ट होतो. बसलं की दोन दात सोडायचे, उठलं की दोन दात ओढायचे. साध्या पट्ट्यात दोन भोकांमध्ये इंचभर अंतर, म्हणजे एकतर पँट घसरते नाहीतर श्वास अडकतो. हा एक बदल केलात तरी अर्धं दुखणं जाईल, लिहून देतो.

पँट. कंबर ३६ आहे ना, तर ३६ ची पँट तुमच्या कमरेसाठी आहे, त्यात इंचभर जाडीची वस्तू घातल्यावर ती ३८ होते. साधं गणित आहे आणि सगळे चुकतात.

आता पिस्तूल. ४३ एक्स बारीक म्हणून लोक घेतात, बारीक आहेच, पण उंची बघा, १२८ मिलिमीटर, म्हणजे त्या जाड ग्लॉक १९ एवढीच. साधं ४३ आहे ते १०८. शर्टातून नळी कधीच दिसत नाही, ती पँटमध्ये असते. दिसते ती मूठ. मुठीचं मागचं खालचं टोक शर्टाला तंबूच्या बांबूसारखं वर उचलतं, तुमच्या वहिनींना दिसतो तो स्टेपलर तोच. त्यावर उपाय म्हणजे क्लॉ. होल्स्टरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा पंजा स्क्रूने बसतो, तो पट्ट्याच्या आतून दाबला जातो आणि मूठ पोटाकडे वळवतो. तुमच्या होल्स्टरला त्यासाठी भोकं आहेत का बघा, बहुतेक असतील, लोकांच्या लक्षातच येत नाहीत.

दुसरा उपाय वेज. होल्स्टरच्या शरीराकडच्या बाजूला, खाली नळीच्या टोकाशी फोमचा उतरता तुकडा लावायचा. खालचं टोक शरीरापासून लांब ढकललं जातं, त्यामुळे वरचं टोक आपोआप आत येतं. आणि जांघेत टोचायचं ते फोमवर येतं. विकत मिळतो, घरीही होतो.

आणि एक उलटं वाटणारं. टोचतंय म्हणून लोक अजून आखूड होल्स्टर घेतात. आखूड होल्स्टरचं पट्ट्याखाली वजन कमी आणि वर मुठीचं जास्त, मग ते बाहेर कलंडतं. अर्धा पाऊण इंच लांब होल्स्टर घेतलं की ते पट्ट्याखाली नीट टेकतं आणि जास्त आरामाचं होतं. मी दोन वर्षं उलट्या दिशेने गेलो.

जागा. घड्याळाचा हिशोब करतात, बेंबी म्हणजे बारा आणि उजवं हाड म्हणजे तीन. तुम्ही बहुतेक दीड दोनला लावताय, तिथे बसल्यावर मांडी वर येऊन थेट होल्स्टरवर चढते. खुर्चीत बसा, मांडी आणि पोट जिथे मुडपतं तिथे बोट ठेवा, आणि त्याच्या आतल्या बाजूला, साडेबारा एकच्या मध्ये, लावून बघा. अर्धा इंच इकडेतिकडे केल्याने जमीन अस्मानाचा फरक पडतो. हे सगळे प्रयोग पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

शर्टाची क्लिप उद्या. झोप आली.

घाटावरचा
विरोध कायम आहे पण वाचायला मजा येतेय हे कबूल करतो. पट्ट्याचं तर मला ढेरीसाठीच उपयोगी आहे.

टेक्सास_काका
चष्मिषने सगळं बरोबर लिहिलंय, फक्त उतरंड चुकलीय. आरामाच्या आधी एक गोष्ट. होल्स्टरचं पहिलं काम ट्रिगर झाकणं. ग्लॉकला अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नाही, सेफ्टी ट्रिगरमध्येच आहे, म्हणजे ट्रिगरवर काही दाबलं की गोळी सुटणार, मग ते बोट असो की शर्टाचं टोक असो. म्हणून होल्स्टर त्याच मॉडेलसाठी बनवलेलं हवं, ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं, बाहेरून अंगठ्याने दाबलं तरी आत न दबणारं. उलटं धरून हलवलं तरी रिकामं पिस्तूल खाली पडायला नको. प्लानोकर, तुमचं ते पंधरा डॉलरचं मोज्यासारखं आहे त्याने यातलं काहीही होत नाही. ते आजच बाजूला टाका.

चामडं चांगलं की कायडेक्स यावर लोक भांडतात. चांगलं चामडं वाईट नाही, पण जुनं झालं की तोंड मऊ पडतं, पिस्तूल काढलं की मिटतं, आणि परत घालताना दुमडलेली कड ट्रिगरच्या कड्यात शिरू शकते. अशा प्रकारे माणसाला स्वतःचीच गोळी लागलेली आहे. कायडेक्सचं तोंड उघडं राहतं, क्लिक असा आवाज येतो आणि बसलं हे कळतं.

सकाळी तयार होताना पिस्तूल होल्स्टरमध्ये आधी घाला, होल्स्टर हातात असताना, नळी सुरक्षित दिशेला. मग पूर्ण जोडी कमरेला लावा. बारा एकच्या जागेवर लावणाऱ्याने तर नक्कीच, कारण तिथे नळी कुठे बघतेय याचा विचार करा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. कधी अंगावर असतानाच परत घालायची वेळ आली तर शर्ट पूर्ण वर, कंबर पुढे, डोळ्यांनी बघत, सावकाश, बोट सरळ. परत घालायची शर्यत नसते.

आणि ऑफिसातला सगळ्यात धोक्याचा कोपरा कुठला? टॉयलेट. हसू नका. लोक काढून टिश्यूच्या डब्यावर ठेवतात, फोन बघतात आणि विसरून निघून जातात. पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्यायचं, होल्स्टर पँटमध्ये, पँट गुडघ्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि बसल्यावर पट्टा गुडघ्यांभोवती परत लावायचा. म्हणजे ते जमिनीवर टेकत नाही, शेजारच्याला दारा खालून दिसत नाही आणि विसरणं शक्यच नाही.

प्लानोकर
काका, मोजा कपाटात टाकला. चष्मिष, क्लॉची भोकं खरंच आहेत हो! सहा महिने मला वाटत होतं ती हवा खेळायला आहेत.

एक किस्सा सांगतो, आधी लिहायला लाज वाटत होती. मागच्या गणपतीत एका मित्राकडे आरतीला गेलो होतो, ऑफिसातून थेट. आरती झाली, मित्राची आजी भारतातून आलेली, वाकून नमस्कार केला, आणि शर्ट मागून सुटला. तेव्हा ते ताटाएवढं मागे चार वाजताच्या जागेवर लावायचो. आजीने पाठीवर हात ठेवला तो नेमका त्याच्यावर. म्हणाली, “पट्टा लावलायस होय रे कमरेचा? एवढ्यात मणके गेले?” मी हो म्हणालो. मग मोदक खाताना दहा मिनिटं मला भुजंगासन कसं करायचं ते सांगितलं. त्या दिवसापासून मागे लावणं बंद.

लेकुरवाळी
आजी 😄

मी ह्यूस्टनला एका डेंटल ऑफिसचं अकाउंट्स बघते. इथले सगळे सल्ले पट्ट्यापासून सुरू होतात आणि तिथेच आम्ही बायका बाद होतो. निम्म्या फॉर्मल पँटना लूपच नसतात, असले तर बोटभर पट्टा जाईल एवढे. आणि कमरेच्या हाडाशी लावलं तर आमच्या हिपच्या गोलाईमुळे मूठ थेट बरगड्यांत घुसते. नवऱ्याचं होल्स्टर एक दिवस लावून बघितलं, संध्याकाळी निळं झालं होतं.

मला उपयोगी पडलं ते पट्ट्याशिवायचं, म्हणजे होल्स्टरला स्वतःचाच एक बारीक पट्टा असतो तो कपड्यांच्या आत अंगाभोवती बांधायचा, आणि खाली मांडीला एक लवचिक पट्टी. फ्लस्टर कंपनीचं एनिग्मा त्यातलं जास्त प्रसिद्ध. वरून कुर्ता, ड्रेस, लेगिंग काहीही घाला. पहिला आठवडा नुसतं जुळवण्यात जातो, पट्टी एवढी खेच, तेवढी सोड, मी तर रडकुंडीला आले होते, पण एकदा बसलं की विसरायला होतं. प्लानोकर, पोट असलेले बरेच पुरुषही हे वापरतात कारण पँटच्या पट्ट्याशी संबंधच राहत नाही, शर्ट नेहमीसारखा इन करायचा, क्लिप दिसायचा प्रश्न नाही. तोटा एवढाच की काढ घाल पटकन होत नाही, पक्यासारख्यांना नाही चालणार.

बेली बँड नावाचे इलॅस्टिकचे रुंद पट्टे मिळतात, त्यात ट्रिगर झाकणारा कडक भाग नसेल तर घेऊ नका.

आणि पर्समध्ये ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी दोन मुलांची आई आहे. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या हेडन गावात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलात हात घातला आणि ती आई जागेवर गेली. पर्स खास पिस्तुलासाठीचा कप्पा असलेली होती. मला ते वाचल्यापासून पर्सचा पर्यायच उरला नाही.

ह्यूस्टनचा_पक्या
+१. लॅपटॉपच्या बॅगेलाही तेच लागू. बॅग टेबलाखाली राहते, मीटिंगला आपण दुसऱ्या मजल्यावर. आणि विमानतळ! २०२३ साली टीएसएला, म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षावाल्यांना, तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, बॅगेत आहे हे विसरलोच.

पण चार वाजताच्या जागेला एवढं नावं ठेवू नका. साइटवर फिरणाऱ्याला, ढगळ जाकीट घालणाऱ्याला ती आरामाची आहे, पोटाला काही होत नाही. खुर्चीला हात असले तर घासतं हे मान्य, माझ्या आधीच्या खुर्चीच्या हाताला कोरून खड्डा पडला होता, लोकांना वाटायचं मी किल्ल्या लावतो.

नाशिकचा_अण्णा
तुमच्या गप्पा वाचून गंमत वाटते. आमच्याकडे नऊ एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, नावही काढायचं नाही. माझा पेट्रोल पंप आहे, कॅश बँकेत न्यावी लागते म्हणून लायसन्स, .३२ ची सरकारी फॅक्टरीची सहा राउंडची रिव्हॉल्व्हर. जड आणि मधोमध फुगलेली, तो सिलिंडर कुठल्याच शर्टाखाली लपत नाही. कानपूरहून २०१४ साली निर्भीक नावाची रिव्हॉल्व्हर आली ती हलकी, पाचशे ग्रॅमच्या आसपास, भावाकडे आहे.

आमच्याकडे लपवायचं म्हणजे सफारीचा शर्ट नाहीतर जाकीट, इन करायचा प्रश्न नाही. होल्स्टर चामड्याचंच, आणि तुमच्या कायडेक्सच्या नादात एक गोष्ट राहिली ती सांगतो. हत्यार चामड्यात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं. पहिल्या पावसाळ्यात मी तसंच ठेवलं, दिवाळीत काढलं तर नळीवर लाल ठिपके आणि पट्ट्यातल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट बुरशीसारखं आलेलं. घरी आलं की वेगळं करायचं, तेलाचा हात फिरवायचा, सुक्या कपड्यात, कुलपात. बाकी आम्हाला आरामाची सक्तीची सुट्टी असतेच, आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस स्टेशनला जमा, पावती घ्यायची आणि निकालानंतर चकरा मारायच्या.

चष्मिष
अण्णा, घामाचं पण तेच आहे. इथे जुलैत चाळीस सेल्सियस, पार्किंगपासून ऑफिसच्या दारापर्यंत जाईतो बनियन ओला. होल्स्टरची पोटाकडची बाजू वर वाढवलेली घ्या, म्हणजे मागची धातूची कड कातडीला घासत नाही. आणि आत चांगला लांब बनियन, तो पँटमध्ये खोल खोचलेला. बनियनशिवाय कुठलंच होल्स्टर आरामाचं नाही.

राहिलेली क्लिप. इन केलेल्या शर्टासाठी टकेबल क्लिप लागते. तिच्यात आणि होल्स्टरमध्ये खोल फट असते. बनियन, त्यावर होल्स्टर, मग शर्टाचं कापड त्या फटीत सारायचं, म्हणजे मूठ शर्टाखाली आणि बाहेर पट्ट्यावर फक्त क्लिपचा वाकलेला तुकडा. काळा पट्टा, काळी क्लिप, चुकूनही चकचकीत नको. मग दोन्ही हात वर करून शर्ट इंचभर बाहेर येऊ द्यायचा, थोडा फुगा राहिला पाहिजे, पाटावर ताणलेल्या पोळीसारखा इन केला तर अणुरेणूही दिसेल. स्लिम फिट शर्ट विसरा. एकरंगी फिक्या शर्टापेक्षा बारीक चौकडा बरा, डोळा चौकड्यात अडकतो, उंचवट्यावर सावली दिसत नाही.

आणि खरं सांगायचं तर कोणी बघत नाही हो. पहिले पंधरा दिवस आपणच दर पाच मिनिटांनी तिथे हात लावतो, त्यानेच लोकांचं लक्ष जातं.

नवा_गडी
काका, सहज विचारतो, मंडळाच्या कार्यक्रमाला लायसन्सवाले लोक घेऊन येतात का?

टेक्सास_काका
चांगला विचारलास. आपल्या मंडळाचे कार्यक्रम बरेचदा हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होतात. शाळेच्या इमारतीत शाळेची लेखी परवानगी नसेल तर नाही म्हणजे नाही, लायसन्स असो नसो, रविवार असो की दिवाळी. देवळात टेक्सासात २०१९ पासून वेगळी बंदी नाही, पण देवळाने स्वतः पाटी लावली असेल तर ती लागू. आणि ग्रीन कार्डाच्या किंवा नागरिकत्वाच्या ठशांसाठी ज्या ऑफिसला बोलावतात ती फेडरल जागा, तिथेही नाही. म्हणजे प्लानोकर, ऑफिसातून थेट कार्यक्रमाला जायचं असेल तर पक्याची ती केबलवाली पेटी तुम्हालाही लागणार.

परराज्यात जाणाऱ्यांनो, आपलं लायसन्स कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मानत नाहीत. २०२४ ला कॅलिफोर्नियात सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं तेव्हा माझ्या क्लासच्या दोघांना मी स्वतः फोन करून सांगितलं, घरी ठेवा आणि नाटकं बघून या.

संपादक
चर्चा चांगली चाललीय. पिस्तुलाची खरेदी विक्री, कोण कुठे राहतं, कोणाकडे काय आहे असले तपशील इथे लिहू नयेत. असे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

प्लानोकर
तीन आठवडे झाले, हिशोब देतो.

आधी पट्टा आणला, दातऱ्याच्या बक्कलचा. चष्मिष, तुम्हाला बिर्याणी लागू. त्याच जुन्या कायडेक्सने नुसता पट्टा बदलल्यावर दहा मिनिटांचं दुखणं दीड तासावर गेलं. मग ३८ च्या दोन पँटी. त्या दिवशी बायको म्हणाली पिस्तूल काढलं तरी या पँटी तुला होतात, तो मुद्दा वेगळा.

मग क्लॉ लावला, सहा डॉलरला मिळाला. स्टेपलर गेला. आरशासमोर बाजूने उभा राहून फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, फरक दिसतो.

वेज मी घरी केला. जुनी रबरी स्लीपर, तिच्या टाचेकडचा जाड भाग ब्रेडनाइफने उतरता कापला, होल्स्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर वेल्क्रोने चिकटवला. पहिला तुकडा फार जाड झाला, नळीचं टोक इतकं पुढे आलं की पँटच्या पुढ्यात भलतंच काहीतरी वाटायला लागलं, त्या अवस्थेत मी ऑफिसला गेलो नाही एवढं नमूद करतो. दुसरा पाऊण इंचाचा, कडा काचकागदाने गोल केल्या, तो बसला. दोन वाजताच्या जागेवरून साडेबाराला सरकलो. आता सकाळी आठ ते जेवणापर्यंत सलग चालतं. जेवणानंतर पट्टा दोन दात सैल. संध्याकाळी चारनंतर कळ यायला लागते तेव्हा उठून प्लॉटरपर्यंत चक्कर मारतो.

टकेबल क्लिप सवयीची व्हायची आहे. शर्ट खोचायला सकाळी चार मिनिटं जास्त लागतात आणि आरशाशिवाय जमत नाही. गाडीत मात्र अजून त्रास आहे, सीटबेल्टचा खालचा पट्टा बरोबर मुठीवर येतो. चाळीस मैलांच्या साइटला जाताना काय करता? काढून पेटीत ठेवू?

टेक्सास_काका
काढ घाल जेवढी कमी तेवढं बरं. बसल्यावर सीटबेल्ट आधी लावा, मग खालचा पट्टा मुठीच्या खाली, हाडांवर सरकवा, तसाही तो पोटावर नाही, हाडांवरच असायला हवा. शर्टाचं टोक त्यात अडकत नाही ना बघा. सीट एक खाच सरळ करा. चाळीस मैल त्याने निघतील.

प्लानोकर
उद्या बघतो. त्या ताटाएवढ्या होल्स्टरचं काय करू, कोणाला हवंय का? फुकट. कापडी मोजा पण आहे.

टेक्सास_काका
मोजा कोणाला देऊ नका. कात्रीने दोन तुकडे करून मगच कचऱ्यात, नाहीतर कोणीतरी उचलून वापरेल.

प्लानोकर
कापला. घाईत बायकोची शिवणाची कात्री घेतली, त्यावरचा धागा आता घरात वेगळा चालू आहे.